अवघड काय आणि अडचण काय

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला संभाव्यता शिकवताना उदाहरण हमखास पत्त्यांचे येते. जोडातून एक पत्ता काढला, तो लाल आहे एवढेच कळले. तर तो बदाम राजा असण्याची संभाव्यता किती? या प्रश्नात शिकण्याजोगी गोष्ट एकच आहे: नवी माहिती हाती आली की शक्यतांचे मैदान आक्रसते. सशर्त संभाव्यता ती हीच, आणि ती खरोखरच अवघड आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचायला जोडात 52 पाने असतात, इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांची तेरा-तेरा, त्यांतली निम्मी लाल, हे जिभेवर असावे लागते. दहावीच्या पुस्तकात त्याची ओळख होते, पण ती धड्यापुरती. ज्या घरात पत्त्यांना हात लावू देत नाहीत तिथली मुलगी पहिल्या ओळीतच अडखळते. गणपतीच्या जागरणात रात्ररात्र पत्ते कुटलेला तिचा वर्गमित्र थेट गणितापाशी जातो. दोघांच्या गुणांतला फरक मात्र संख्याशास्त्राच्या समजेतला फरक म्हणून नोंदला जातो.

अवघडपणा विषयाचा असतो. अडचण आपण वाटेत ठेवलेली असते. सर्वसमावेशक अभ्यासक्रम म्हणजे अडचणी दूर करून अवघड तेवढे पूर्ण शिल्लक ठेवणारा अभ्यासक्रम, असे माझे म्हणणे आहे. अडचणी शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘सहसंबंध’ कळतो, ‘कोरिलेशन’पाशी तो थबकतो, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहायला अर्धे मिनिट पुरते. ‘हे इकडे नेले, ते तिकडून कापले’ असे म्हणत फळा भरणाऱ्या शिक्षकाचे बोलणे अंध विद्यार्थ्याला निरर्थक असते. ‘हे’च्या जागी राशीचे नाव घेतले की त्याला तर कळतेच, शिवाय शेवटच्या बाकावर नुसती वही उतरवणाऱ्या दहा जणांनाही कळू लागते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, लेखनिक आणि जादा वेळ यांना आधार मिळाला. ही तरतूद अनमोल आहे. पण परीक्षेतली सवलत वर्षभराच्या अध्यापनाची भरपाई करू शकत नाही. आपल्याकडे याहून मुळाशी जाणारा विचार जुनाच आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. अडचण वेळापत्रकात होती. वेळापत्रक बदलले, विषय सोपा केला नाही.

तरीही ‘यामुळे दर्जा घसरेल’ ही शंका प्रामाणिक शिक्षकांच्याच मनात येते, म्हणून तिला पुराव्याने उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1970च्या दशकात कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते. तयारी कच्ची, इच्छा कमी, घरचे पाठबळ नाही, गरिबी, अशी कारणे प्राध्यापक सांगत. युरी ट्रीसमन या गणितज्ञाने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो हे जवळून पाहिले. प्राध्यापकांनी दिलेले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले कष्ट करत होती, पण एकटी. चिनी मुले गट करून एकमेकांची उत्तरे तपासत, चुका काढत, परीक्षेत काय येते याची खबर ठेवत. ट्रीसमनने मग जो उपक्रम आखला तो ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ नव्हता. नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली आणि ती गटात सोडवायला लावली. निकाल पालटले. आपल्या महाविद्यालयांतले उपचारात्मक वर्ग मला याच ठिकाणी चुकलेले वाटतात. तिथे विषय पातळ होतो आणि ‘तू मागे आहेस’ हा शिक्का गडद होतो.

दुसरा आक्षेप संख्येचा: एकशेवीस जणांच्या वर्गात प्रत्येकाची गरज कशी पाहायची? प्रत्येकासाठी वेगळा पाठ आखावा असे मी म्हणतच नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शेकडो विद्यार्थ्यांच्या जीवशास्त्राच्या वर्गात तासाआधी वाचनासाठी मार्गदर्शक प्रश्न, थोड्या गुणांचा नियमित गृहपाठ आणि तासात गटकाम, एवढाच बदल केला. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सगळ्यांचेच गुण वाढले. घरात पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्यांचे आणि इतरांचे अंतर मिटले. 2020च्या एका व्यापक आढाव्यात, कृतिशील अध्यापनामुळे वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतल्या गुणांतली दरी सरासरी 33 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मात्र तासाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या कृतीला दिला तिथेच हा परिणाम ठळक होता. तासाच्या शेवटी पाच मिनिटे ‘काही शंका?’ विचारून तो मिळत नाही. हे आकडे बहुतांश अमेरिकेतले आहेत आणि आपल्या वर्गांवर ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण अदृश्य अपेक्षा उघड केल्या की ज्यांना त्या घरून कळलेल्या नव्हत्या त्यांना जास्त लाभ होतो, हे कारण इथेही तेच आहे. काय वाचायचे, उत्तर किती लांब लिहायचे, शंका कुणाला आणि कधी विचारायची हे प्राध्यापकाच्या मुलीला ठाऊक असते, ऊसतोड कामगाराच्या मुलीला नसते.

अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, संलग्न महाविद्यालयाच्या हाती काय, असेही विचारले जाते. घटकांची यादी हाती नाही, हे खरे. उदाहरणे, भाषा, अंतर्गत गुणांची विभागणी आणि पहिल्या चाचणीची वेळ हाती आहे. सत्र संपत आल्यावर पहिली चाचणी घेतली तर चूक सुधारायला आठवडेच उरत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पाच गुणांची घेतली तर उरतात. संख्याशास्त्रात आपल्याला वेग तपासायचा नसेल, तर दोन तासांत सहा प्रश्नांऐवजी चार का नसावेत? त्या बदलाने काहींची जादा वेळेची गरजच कमी होईल.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. राज्यात तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. उदाहरणे बदलणे, गटांसाठी गणिते रचणे, शंभर छोटे गृहपाठ तपासणे, हे तास कुठल्याच हजेरीपत्रकात येत नाहीत. ज्याला पोटासाठी तीन महाविद्यालयांत धावावे लागते त्याच्याकडून नव्या बांधणीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. निदान विभागाने मिळून एकच प्रश्नसंग्रह करावा, तो दरवर्षी वाढवावा, आणि त्या कामाचे तास कार्यभारात धरून त्यांचे मानधन द्यावे.