करा कुणाच्या हाती?

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये होता. जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर घसरले आणि घोट्याचं हाड मोडून बसले. सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम! घरात लग्नघाई आणि वधूची आई पलंगावर. साड्यांच्या पिशव्या, पत्रिकांचे नमुने, जेवणाचा ठेका घेणारे गृहस्थ, सगळे माझ्या पलंगाशी हजेरी लावून जायचे. पण तेवढं सोडलं तर दिवस माझाच होता. शाळेची नोकरी, दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि येणारे-जाणारे यांच्यात तीस वर्षं जे जमलं नव्हतं ते आता सुरू केलं. पोटभर वाचत सुटले.

पुस्तकं आणायचं काम ह्यांच्याकडे. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचं, तिथं पुस्तकांना तोटा नाही. ह्यांची निवडीची रीत मात्र साधी. अक्षर मोठं हवं आणि विषय शक्यतो देवाधर्माचा. एका संध्याकाळी मोठ्या अभिमानानं त्यांनी एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "घे, पुराण आणलंय. आजारपणात बरं असतं."

पुस्तकाचं नाव होतं 'माझे पुराण'. लेखिका आनंदीबाई कर्वे!

मी इतकी हसले की प्लॅस्टरमधला पाय दुखला. ह्यांना अजून वाटतं, मी त्यांच्या निवडीवर खूश होऊन हसले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, मला फक्त फोटोतून माहीत होत्या. बालपणीच विधवा झालेली ही कोकणातली मुलगी भावाच्या आधारानं मुंबईला येते काय, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात शिकायला जाते काय आणि १८९३ मध्ये पुण्यात कर्व्यांशी लग्न करते काय! विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. पण कायदा कागदावर आणि गाव गावाच्या जागी. कर्व्यांच्या मुरूड गावानं या जोडप्यावर बहिष्कार घातला. रात्री वाचता वाचता मी ह्यांना उठवून सांगायची, "अहो, बघा कशी माणसं होती!" हे कूस बदलून म्हणायचे, "वाईट होती. झोप आता."

या पुस्तकात खूण म्हणून मी एक कात्रण ठेवलं होतं, मे २०२२ मधलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की, नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढं राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी वाचून मला इतका आनंद झाला होता की, कात्रण कापून मी ते भिशीच्या मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

लेकीच्या मैत्रिणींचा मोबाइलवर एक गट होता. सहा जणींनी एकाच रंगाचे लेहंगे शिवायचे ठरवलं होतं आणि त्या रंगाला गुलाबी म्हणायचं की आणखी काही, यावर चार दिवस चर्चा चालली होती. या मंडळाचं नाव 'ब्राइड स्क्वॉड'. वसईच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या लग्नात आमची कन्या ब्राइड्समेड झाली होती, तेव्हापासून हे खूळ डोक्यात. आमच्या पिढीनं त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. आमच्या लहानपणी घरात लग्न निघालं की एकाच ताग्यातून सगळ्या चुलत-आते बहिणींचे फ्रॉक शिवत आणि मांडवात आम्ही पडद्यांसारख्या दिसत असू.

मी तिला म्हटलं, "तुझ्या त्या मेगच्या लग्नात बघ, बहिणींनी काय घातलं होतं ते." 'लिटल विमेन' तिच्याच कपाटातून काढून मी पुन्हा वाचत होते. शाळेत असताना शांता शेळक्यांची 'चौघीजणी' वाचली होती, मूळ इंग्रजी मात्र आत्ताच हाती घेतलं. १८६९ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात थोरल्या मेगचं लग्न आहे. घरातच, मोजक्या माणसांत, स्वतः शिवलेल्या पोशाखात. जो, बेथ आणि एमी या तिघी बहिणी उन्हाळ्याचे आपले त्यातल्या त्यात चांगले रुपेरी करडे कपडे घालतात आणि गुलाबाची फुलं माळतात. झालं. कोण उभं राहणार हा प्रश्नच त्या घरात उठत नाही.

लेक म्हणाली, "तेच तर सांगायचं होतं. मैत्रिणी मजेसाठी. पण मुहूर्ताला माझ्यामागे करवली म्हणून ताई उभी राहील."

"कुठली ताई?" मी विचारलं.

कुठली ते मला पक्कं ठाऊक होतं. तिला सख्खी बहीण नाही. ताई एकच. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. हिला सायकल शिकवताना स्वतःचा गुडघा फोडून घेणारी, दहावीत रोज संध्याकाळी येऊन बीजगणित घेणारी. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा अकरा दिवसांत गेला. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. आता ती एका बँकेत नोकरी करते आणि तो शाळेत जातो.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे अंतरपाट धरला की वधूच्या मागे मामा उभा असतो आणि करवली असते. करवलीच्या हातात करा, म्हणजे पाणी भरलेला छोटा कलश, त्यावर पानं आणि नारळ. दिवा धरायला आणखी कुणी असते. करवली बहुधा बहीण. कुमारिका असो की लग्न झालेली, पण सवाशीण असावी, हे कुणी कुठं लिहून ठेवल्याचं मला माहीत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं.

वन्सं त्या दिवशी केळवणाचं ठरवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीचा जीव आहे तिच्यावर, ते खरं. पण शुभकार्यात..." आणि थांबल्या. अशी वाक्यं आपल्याकडे बोलणारा पुरी करत नाही. ती ऐकणाऱ्यानं मनात पुरी करायची असतात.

मी काय बोलावं? सुधारकांची पुस्तकं उशाशी घेऊन बसलेली मी म्हणाले, "माझं काही नाही गं. पण तिकडच्यांना काय वाटेल?"

लेक म्हणाली, "आई, मी तुला तिकडच्यांबद्दल विचारलं नव्हतं."

ती ऑफिसला गेली आणि मी विहीणबाईंना फोन लावला. आडून आडून विषय काढला. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या घरात वडीलधाऱ्या सासूबाई आहेत. बाकी तुम्ही बघा." ते 'तुम्ही बघा' मी दोन दिवस उलटसुलट करून पाहिलं. त्यातून होकार निघत नव्हता आणि नकारही.

मग मी मधली वाट काढायला लागले. करा धाकट्या भाचीच्या हाती द्यावा आणि ताईनं नुसतं जवळ उभं राहावं. नाहीतर तिला रुखवत मांडायचं काम द्यावं, तिच्या हाताला वळण आहे. नाहीतर कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे. विश्वासाचं माणूस हवंच की तिथं!

कोठीच्या किल्ल्या म्हटल्यावर मात्र मी अडखळले.

माझं लग्न १९८९ सालचं. माझी एक मावशी होती, आईची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. वेण्या तिनं घातल्या, पोहायला तिनं शिकवलं, पहिली साडी तिनं नेसवली. माझ्या लग्नात ती चार दिवस आधी आली होती. आणि लग्नाच्या दिवशी ती कुठं होती? कोठीत. कुणी तिला तिथं बसवलं नव्हतं, कुणाला बसवावं लागलंच नाही. किल्ल्या कमरेला लावून ती आपण होऊन आत गेली आणि पंगतीला किती लाडू गेले, साखर किती उरली याचा हिशेब ठेवत राहिली. मंगलाष्टका तिनं ऐकल्या असतील, भिंतीपलीकडून. निघताना मी तिच्या पाया पडायला आत गेले तेव्हा तिच्या हाताला तुपाचा वास होता, एवढं आठवतं.

ह्यांना सांगून मी माळ्यावरून माझ्या लग्नाचा अल्बम काढून घेतला. काळ्या पानांचा, मध्ये पातळ जाळीदार कागद असलेला. एकेक पान बघितलं. ज्यांची नावंही आठवत नाहीत अशी ह्यांच्या कचेरीतली माणसं होती. मंगल कार्यालयाचा मॅनेजर दोनदा होता. मावशी एकाही फोटोत नव्हती. पस्तीस वर्षांत तो अल्बम मी कितीदा बघितला असेन! ती त्यात नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी मी पुतणीला बोलावून घेतलं. ती मुलाला घेऊन आली. त्याला प्लॅस्टरवर मोटार काढायची होती, ती त्यानं काढली. मी तिला सरळ विचारलं, करवली होशील का? मला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही.

"काकू," ती म्हणाली, "मला उभं राहायला आवडेल. ती माझी आहे. पण माझं उदाहरण करू नका. गुरुजींना आधी सांगून ठेवायचं नाही, माईकवरून कौतुक करायचं नाही आणि मुख्य म्हणजे कुणाची परवानगी काढायची नाही. माझ्यासाठी कुणाची परवानगी काढलीत तर मी जेवायला येईन, अक्षता टाकीन आणि जाईन."

आता काय करता? खोटं बोलावंसं फार वाटलं. पण सांगितलं. म्हटलं, "विहीणबाईंना फोन करून बसलेय."

ती गप्प राहिली. मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं. मग विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुम्ही बघा म्हणाल्या."

"मग बघा," ती म्हणाली आणि चहा न घेता निघाली.

ते दोन दिवस लेक माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पुस्तक उघडं पडून होतं, पण पानं पुढं सरकेनात. मुरूडच्या माणसांना मी रात्री किती नावं ठेवली होती! त्यांनी निदान उघड उघड ठराव केला होता.

मंगळवारी रात्री मी विहीणबाईंना पुन्हा फोन केला. या वेळी विचारलं नाही, सांगितलं. "आमची करवली ठरली. माझी पुतणी आहे." त्या "बरं" म्हणाल्या. मग पुतणीला फोन करून हेही सांगितलं आणि पहिल्या फोनबद्दल माफी मागितली. पलीकडून बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. शेवटी ती म्हणाली, "साडी कुठल्या रंगाची नेसू? फिकी नेसणार नाही हं, आधीच सांगते."

लग्नात तिनं गडद जांभळी पैठणी नेसली. तिचीच, तिच्या लग्नातली. मी काठी टेकत उभी होते. गुरुजींनी "वधूची करवली कोण?" म्हणून हाक दिली, ती पुढं झाली. गुरुजी एवढंच म्हणाले, "करा सरळ धरा, नारळ घसरतोय." मुलगा माझं बोट धरून उभा होता. मंगलाष्टका संपेपर्यंत त्यानं मूठभर अक्षतांपैकी निम्म्या खाल्ल्या.

ज्यांचं नाव पुढं करून सगळे घाबरत होते त्या विहीणबाईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. वय नव्वदीच्या आसपास. विधी झाल्यावर त्यांनी पुतणीला खुणेनं जवळ बोलावलं. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी तिचा हात धरून सुनेला विचारलं, "करवलीला साडी दिलीस का?" विहीणबाईंची धावपळ उडाली. कुठल्याशा पिशवीतून एक साडी निघाली, ती तिला दिली. म्हाताऱ्या बाईंना तिची हकिगत माहीत होती की नव्हती, कोण जाणे! मी विचारलं नाही. विचारण्याची हौस माझी तोवर फिटली होती.

वन्सं आल्या होत्या. मागच्या रांगेत बसल्या, अक्षता टाकल्या. ओटी भरायला मी गेले तेव्हा मात्र त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या.

'माझे पुराण' मी लग्नानंतर पुरं केलं. ह्यांनी उशिराचा दंड भरून पुस्तक परत केलं आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की हेरवाडचं कात्रण आतच राहिलं. हे पुन्हा जायला निघाले होते. म्हटलं, राहू दे.

गेल्या आठवड्यात फोटो आले. पुतणी पुष्कळ फोटोंत आहे. एकात तर मामाच्या फेट्यानं तिचा अर्धा चेहरा झाकलाय, तरी करा दिसतो. नातेवाइकांसाठी प्रती काढायच्या आहेत. कुणाकुणाला पाठवायच्या त्याची यादी मी केली, त्यात वन्संचं नाव पहिलं घातलंय. त्यांनी अजून मागितलेले नाहीत.