मॉरिशसमधील एक महिना

परदेशाहून परतलेल्या मनुष्याकडून लोक दोन गोष्टींची अपेक्षा करितात. तेथील समुद्र किती निळा आहे हे त्याने सांगावे, आणि येताना चॉकलेटे आणावीत. दुसरी अपेक्षा आम्ही नववीच्या वर्गात यथाशक्ति पुरी केली आहे. पहिलीविषयी इतकेच सांगतो की, समुद्र निळा आहे, फारच निळा आहे, आणि त्याचे वर्णन करण्यास आमच्याहून समर्थ लेखक पुष्कळ झाले आहेत.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही मॉरिशस बेटास गेलो, ते आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून. रे रोड स्थानकापलीकडील वस्तीत वाढलेला हा मुलगा आज तेथील एका हॉटेलात हिशेबनीस आहे. मुंबईहून विमान सुमारे सहा तासांत तेथे पोहोचते. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतू उलटे असतात हे आम्ही आजवर फळ्यावर गोल काढून शिकवीत आलो. परंतु मे महिन्यात सायंकाळी अंगावर शाल घ्यावी लागली तेव्हा तो धडा आम्हांस प्रथम समजला. मुख्य बेट सुमारे 2,000 चौरस किलोमीटरचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढे. जिकडे पाहावे तिकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. तोडणी जूनच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा शिवारे भरगच्च होती. डोडो पक्ष्याचा सांगाडा पाहिला, पोर्ट लुईच्या बाजारात धोल पुरी नावाची डाळ भरलेली मऊ पोळी खाल्ली, पर्वत पाहिले. असो.

ज्या जागेने आमचा सारा महिना व्यापला ती जागा पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. पोर्ट लुई बंदराच्या काठी काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या स्थळास आप्रवासी घाट म्हणतात. पूर्वी त्याचे नाव कुली घाट असे होते. 2006 साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. इंग्रजांच्या राज्यात 1835 साली तेथील गुलामगिरी बंद झाली; पण उसाच्या मळ्यांस माणसे तर हवीच होती. म्हणून त्याच सुमारास हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याचा क्रम सुरू झाला. 2 नोव्हेंबर 1834 रोजी पहिली तुकडी उतरली, आणि पुढील सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे गेली. बहुतेक बिहारकडील व मद्रासकडील. परंतु काही हजार आपल्या कोकणातील होती, आणि ती आपल्याच मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजात चढली. आरंभीचा करार पाच वर्षांचा, दरमहा 5 रुपये आणि शिधा. एक दिवस कामास न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. हा हिशेब ऐकून आमच्या हिशेबनीस शिष्याने मान खाली घातली.

आता वाचकांनी क्षणभर रे रोडकडे यावे. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे आजे-पणजे रत्नागिरीकडून आगबोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर वळकटी घेऊन उतरले, आणि कोणी गोदीत, कोणी लालबाग-परळच्या गिरणीत कामास लागले. तीच गावे, तीच भातशेती, तेच कर्ज. कोकणातून निघालेला एक भाऊ मुंबईत राहिला आणि दुसरा मुंबईवरून पुढे गेला, असे कित्येक घरांत घडले असेल. धक्क्यावर राहिलेल्यास होळीला आणि गणपतीला गावी जाता आले. पुढे गेलेल्यास बहुधा नाही.

पुढे गेलेल्यांची पणतवंडे आम्ही पाहिली. घरी ती क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, कचेरीत इंग्रजी लिहितात, आणि मराठी शाळेत एक विषय म्हणून शिकतात. एका दहा वर्षांच्या मुलाने हात जोडून आम्हांस विचारले, “गुरुजी, आपण कोणत्या गावाहून आलात?” इतके स्वच्छ वाक्य आमच्या वर्गात ऐकून बरेच दिवस झाले होते. (आमच्या विद्यार्थ्यांनी रागावू नये, त्याचे मराठी पुस्तकातून आले आहे, तुमचे रस्त्यातून. रस्त्याचेही काही गुण असतात.) आडनावांची मौज निराळीच. बोटीवरून उतरलेल्या पणज्याचे जे नाव कारकुनाने टिपले तेच पुढे साऱ्या कुळाचे आडनाव झाले. या बेटावरील पहिला गणेशोत्सव 1896 साली ज्यांनी केला असे सांगतात, त्या कुटुंबाचे आडनाव भिवाजी. गणेशचतुर्थीस आज तेथे सार्वजनिक सुटी असते.

एका सायंकाळी त्यांच्या मंडळाच्या सभागृहात झाकरीची तालीम चालली होती. मध्ये ढोलकी, भोवती फेर, पायांत चाळ. आम्ही दारातच थबकलो. लालबागच्या चाळींत गणपतीच्या दिवसांत कोकणी मंडळी जी जाखडी नाचतात, तीच ही. पावले तीच, वळण तेच, शब्द मात्र अधूनमधून झिजलेले. गाणाऱ्या म्हाताऱ्यास एका ओळीचा अर्थ विचारला, तेव्हा तो हसून क्रिओलमध्ये काही बोलला. नातवाने भाषांतर केले: “अर्थ आजोबांच्या आजोबांना माहीत होता.”

मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे, 1970 साली स्थापन झालेली. येणाऱ्या मजुरांच्या नोंदवह्या तेथे जपून ठेविल्या आहेत. प्रत्येक माणसास क्रमांक. पुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, जहाज. काही वर्षांनी छायाचित्रेही घेऊ लागले. आमच्या शिष्याच्या शेजारी राहणाऱ्या सत्तरी उलटलेल्या एका आजीबाईंस त्यांच्या पणजोबांची नोंद काढून मिळाली होती. तिची प्रत घेऊन त्या आमच्याकडे आल्या, कारण गावाचे नाव कोणासच नीट लागत नव्हते. वय वीस, उजव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यातील शेवटचे अक्षर शाईत बुडाले होते. कोलम्बा असेही वाचता येई, कोलम्बी असेही. आम्ही ते मोठ्याने, आपल्या उच्चाराने वाचले: कोळंबे. आजीबाईंनी ते आमच्यामागून तीनदा म्हटले. ‘ळ’ त्यांस साधेना. तिसऱ्या खेपेस साधला.

तो कागद हातात असता आमच्या मनात जे आले ते सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतो. 1899-1900 च्या दुष्काळात आमचे पणजोबा रस्त्याकडेला सापडले आणि एका मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. त्यांस अन्न मिळाले, अक्षर मिळाले, पुढे आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक झाले. आमचे आडनावही त्यांस तेथेच मिळाले. परंतु त्यांची जी नोंद आमच्या वडिलांनी पाहिली होती तीत एवढेच होते: मुलगा, वय अदमासे पाच. बापाचे नाव नाही, गाव नाही. उसाच्या मळ्यासाठी माणसे मोजून नेणाऱ्या कारकुनाने भुवईवरील व्रणसुद्धा लिहिला, कारण पळालेला मजूर ओळखून काढावयाचा होता. आणि जेथे केवळ दयेने मुलास उचलून घेतले तेथे हे रकाने कोरे राहिले, कारण त्या वर्षी रोज मुले येत होती आणि पाच वर्षांचे पोर गाव कोणते ते काय सांगणार? आम्ही या दोहोंची तुलना करून कोणास दोष देत नाही. पण त्या आजीबाईंचा आम्हांस हेवा वाटला, हे खरे. ज्या वहीपायी त्यांच्या पणजोबांनी पाच वर्षे उन्हात काढली, तीच वही त्यांस आज घराची वाट दाखवीत होती.

निघण्याच्या दिवशी आजीबाईंनी ती प्रत आमच्या पिशवीत घातली. मुंबईस आल्यावर आम्ही गावांची यादी पाहिली. कोळंबे नावाचे एक गाव रत्नागिरी तालुक्यात आहे आणि दुसरे संगमेश्वर तालुक्यात. कारकुनाने तालुका लिहिलेला नाही. नातवाचे पत्र आले आहे. अक्षर सुरेख, ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. आजी विचारते, गावात नदी आहे काय, आणि तिच्या पणजोबांच्या बापाचे नाव तेथे कोणी सांगेल काय. दिवाळीच्या सुटीत दोन्ही गावी जाऊन यावे असे आम्ही ठरविले आहे. ज्या पालकांचे सोयरे यांपैकी कोणत्याही गावी असतील त्यांनी मुलाबरोबर चिठ्ठी पाठवावी. आम्ही रोज मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत असतो.