दिरंगाई हाही एक निर्णयच असतो

“सरकारी काम अन् सहा महिने थांब” ही म्हण आपण हसत हसत सांगतो. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की थांबल्याने सगळ्यांचे सारखेच नुकसान होते. हे खोटे आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो सहा महिने थांबला तर त्याचे सहा महिने जातात. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो थांबला तर त्याचा पुरावा जातो, साक्षीदार जातात. मराठवाड्यातील एका गावात आम्ही हे अडीच वर्षे पाहत आहोत, म्हणून हा लेख.

प्रकरण साधे आहे. गावाच्या गायरानात साडेतीन एकरांचा एक तुकडा आहे. आपल्या वस्तीतील अकरा कुटुंबांच्या वाडवडिलांनी १९८० च्या दशकात तो दगड वेचून वहितीखाली आणला. गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, त्यांची नावे आहेत. काहींनी दंड भरल्याच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. या कुटुंबांतील बायांनी ठरवले की ही जमीन नावावर करून घ्यायची, पण तिचे अकरा तुकडे करायचे नाहीत. विहीर सामाईक, पाळीपाळीने पाणी, प्रत्येकीला चार-चार वाफे, आणि मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार आठवडी बाजारात एकत्र न्यायची. हेतू एवढाच की दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जावे लागू नये आणि लेकरांची शाळा सुटू नये.

ही भीक नव्हती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरवले. त्यामागे १९५९ आणि १९६४ चे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह होते, एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानासारख्या संघटनांनी मराठवाड्यात लढवलेली गायराने होती. सामूहिक शेतीचा विचारही बाहेरून आलेला नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये मांडले होते की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत. आमच्या अकरा बायांनी तो ग्रंथ वाचलेला नाही, पण विहारात बसून त्या त्याच निष्कर्षाला पोहोचल्या.

आता कार्यालयात काय झाले ते पाहा. अर्ज दिला, पोच घेतली. पहिले चार महिने उत्तर एकच, “तलाठ्याचा अहवाल आला नाही.” तलाठी भाऊसाहेबांकडे तीन सज्जांचा कारभार, हे खरे होते. अहवाल गेला तर मंडळ अधिकाऱ्यांकडून परत आला, चतुःसीमा लिहिल्या नाहीत म्हणून. चतुःसीमा लिहिल्या तर मोजणी लागली. मोजणीचे शुल्क भरले तर तारखेला भूकरमापक आले नाहीत. त्यानंतर निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठली तोवर साहेबांची बदली झाली, आणि नवे साहेब म्हणाले, “प्रकरण मला आधी समजून घ्यावं लागेल.” प्रत्येक खेपेला दोन-तीन बायांची मजुरी बुडत होती. एक मावशी एकदा म्हणाल्या, “साहेब नाही म्हणले असते तर बरं झालं असतं. निदान घरी तरी बसलो असतो.”

मावशींच्या या बोलण्यात सगळे समाजशास्त्र आहे. एम.ए. ला आम्हाला मॅक्स वेबर शिकवला गेला. नोकरशाही व्यक्ती पाहत नाही, नियम पाहते, असे त्याचे आदर्श प्रारूप. आपल्याकडे नियम असतात, पण ते कोणासाठी केव्हा धावतील हे अर्जदाराचे आडनाव आणि त्याच्यामागचे बळ ठरवते. आमचा अर्ज धूळ खात असताना त्याच तालुक्यात एका सौर प्रकल्पासाठी गायरानाची मोजणी काही आठवड्यांत झाली. तेच भूकरमापक, तेच यंत्र, तोच टेबल. म्हणजे माणसे कमी आहेत हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. माणसे कमी असतील तेव्हा कोणाचे काम आधी करायचे हे कोणीतरी ठरवतेच, आणि ते ठरवणे हाच निर्णय असतो. फरक इतकाच की या निर्णयावर कोणाची सही नसते. नकाराविरुद्ध अपील करता येते. न दिलेल्या उत्तराविरुद्ध कोणाकडे जायचे?

यात आपल्या माणसांनाही बाजूला ठेवता येणार नाही. आमची फाईल सर्वांत जास्त दिवस ज्या टेबलावर पडून होती, त्या टेबलामागे बाबासाहेबांची तसबीर होती. ते गृहस्थ आमच्याशी प्रेमाने बोलत, चहा पाजत, “ताई, माझ्या हातात काय आहे?” म्हणत. आम्ही त्यांना दोष देऊन मोकळे होणार नाही, कारण सवर्ण वरिष्ठांसमोर ‘आपल्या लोकांची कामे करतो’ हा शिक्का बसण्याची त्यांची भीती खरी आहे. पण आरक्षणाने मिळालेली खुर्ची भूमिहीनाच्या फाईलला घाबरणार असेल, तर प्रतिनिधित्वाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न त्यांनी आणि आपण सर्वांनी स्वतःला विचारायला हवा.

दीड वर्षानंतर आम्ही पद्धत बदलली. विनंती थांबवली आणि कागद मागायला सुरुवात केली. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि मुद्दाम केलेला विलंब शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आम्ही माहिती अधिकारात एवढेच विचारले: आमचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला, तिथे किती दिवस होता, त्यावर काय टिपणी झाली? तीस दिवसांत उत्तर आले नाही, प्रथम अपील केले. अपिलाची नोटीस निघाल्यावर तीन आठवड्यांत मोजणी झाली. दीड वर्षे न सापडलेले यंत्र सापडले.

पुढे आदेशही आला. नकाराचा. कारण दिले होते, सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल आणि त्यानंतरचे गायरान संरक्षणाचे शासनाचे धोरण. तो निकाल आम्ही मुळातून वाचला. गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध तो आहे आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार जमीन पट्ट्याने दिली असेल, तिथे नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. कार्यालयाने निकालाचा अर्धा भाग वाचला. १९९१ चा शासन निर्णय आणि या अपवादामागचे तत्त्व यांवर आम्ही अपील दाखल केले आहे. निकाल काय लागेल ते लागेल, पण आता आमच्यासमोर सही असलेला कागद आहे आणि कागदाशी भांडता येते.

या अडीच वर्षांत मात्र एक हानी झाली, जी कोणतेही अपील भरून काढू शकणार नाही. ज्या आजीने पहिल्या वर्षी तिथे खुरपे चालवले, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या आणि कोणता बांध कोणाचा हे जिला तोंडपाठ होते, ती मोजणीच्या आधी दोन महिने गेली. तिची साक्ष कोणी नोंदवून घेतली नव्हती, कारण तारीखच पडली नव्हती. त्याच वर्षी अकरापैकी सहा घरे पुन्हा कोयत्यावर गेली.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या गावात १९९० पूर्वीपासून कसलेले गायरान असेल तर निकालाची वाट पाहत बसू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रे आजच करून ठेवा. गाव नमुना १-ई च्या प्रमाणित प्रती काढा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि प्रत्येक “उद्या या” ची तारीख वहीत लिहा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, मग ते उत्तर कितीही गोड असो. होकार द्या किंवा नकार द्या, पण लेखी द्या, एवढे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. आपल्या मागच्या पिढ्यांना लिहिण्याचा अधिकार नव्हता. आपण लिहू शकतो आणि लिहायला लावूही शकतो.

जय भीम!