फोटोमागचे नाव

आपल्या घरात फोटो किती आहेत, असे कुणी विचारले तर नेमके सांगणे कठीण जाते. मोबाइलमध्ये काही हजार, कपाटात दोन-चार अल्बम, शिवाय स्टुडिओच्या पाकिटांत निगेटिव्ह. पण त्यांतल्या किती माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? हा प्रश्न आला की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. फोटो सांभाळायचे म्हणजे जागा विकत घ्यायची, अशी आपली समजूत असते. माझा अनुभव असा, की पैसे सर्वांत शेवटी लागतात आणि तेही थोडेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर बडोद्यात शिरला, तेव्हा कारेलीबागेतील आमच्या तळमजल्यावरही पाणी आले. सासऱ्यांनी हौसेने लावलेले अल्बम भिजले. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सोडवताना फाटतात. म्हणून ते परातीत स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवले आणि चित्राची बाजू वर करून जुन्या सुती साडीवर सावलीत वाळवले. सव्वादोनशेच्या आसपास फोटो वाचले.

खरी अडचण त्यानंतर आली. अल्बममधून सुटल्यामुळे फोटोंचा क्रम गेला होता आणि आम्ही तर क्रमावरूनच प्रसंग ओळखत होतो. सुरसागरच्या काठावर उभ्या असलेल्या नऊवारीतल्या दोन तरुण बायका कोण, हे आमच्या यजमानांनाही सांगता येईना. शेवटी तो फोटो दांडिया बाजारात राहणाऱ्या त्यांच्या आत्याबाईंना दाखवला. त्यांचे वय ८७. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं, ही मी आणि ही माझी वन्सं. १९५८ सालची माझी पहिली मंगळागौर. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फिरायला गेलो होतो." आत्याबाई नसत्या, तर पाण्यातून वाचलेला तो फोटो आमच्यापुरता गेलाच होता.

नोंद ठेवण्याची रीत बडोदेकरांना नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि संस्थानातील ग्रंथालयांची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाची नोंद नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. घरच्या फोटोंनाही आम्ही तोच नियम लावला.

दर रविवारी एक तास ठरवला. आत्याबाई सांगणार आणि नववीतली आमची मुलगी लिहिणार. प्रत्येक फोटोला चार प्रश्न : कोण, कुठे, केव्हा, कशानिमित्त? फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने फक्त क्रमांक घालायचा आणि बाकीची माहिती त्याच क्रमांकाखाली शंभर पानी वहीत लिहायची. बॉलपेन टाळावे, दाबून लिहिले की त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. असे फोटो कागदी पाकिटात ठेवावेत, मात्र पाकिटावर आधी लिहावे आणि फोटो मग आत घालावा. चिकट पानांचे अल्बम स्वस्त दिसतात, पण काही वर्षांनी त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघत नाही. आम्ही पत्र्याचा जुना डबा घेतला आणि तो वरच्या मजल्यावर ठेवला. वही, पेन्सिली आणि पाकिटे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत.

निवड करताना एकदा वाद झाला. एक अगदी धूसर फोटो मुलीने बाजूला काढला. आत्याबाईंनी तो परत मागून घेतला. "हा माझा धाकटा भाऊ. दहाव्या वर्षी गेला. त्याचा एवढा एकच आहे गं." काय टाकायचे हे फोटोच्या स्वच्छपणावर ठरत नाही, हे त्या दिवशी मुलीला कळले.

मग मोबाइलवर प्रती काढल्या. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, अल्बमचे प्लास्टिक दूर करून. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, प्रसंग आणि वहीतला क्रमांक. साल आधी असले की संगणक आपोआप क्रम लावतो. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. गुगल फोटोजवर पूर्वी आकार कमी केलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या विनामूल्य जागेत मोजले जाऊ लागले आणि त्याच जागेत ईमेलही येतात. पण निवडलेल्या आमच्या फोटोंना एक जीबीही लागला नाही. दुसरी प्रत संगणकावर आहे. तिसरीसाठी तीन भावांनी मिळून एक हार्ड डिस्क घेतली, ती इंदूरला नणंदेकडे असते. हार्ड डिस्कही बिघडते, म्हणून दर दिवाळीला ती लावून पाहायची, असे ठरले आहे.

वहीत १९ फोटोंपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. ते ओळखू शकतील अशा आत्याबाईंच्या मैत्रिणी आता गावात दोघीच उरल्या आहेत. त्यांच्याकडे जायचे आहे, आणि ते लवकरच.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ पाच फोटो आणि एक वही घेऊन बसा. पालकांनी त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती : शाळेच्या जुन्या गटफोटोंत ज्यांची नावे लिहिलेली नाहीत, ती माजी विद्यार्थ्यांना विचारून आताच लिहून घ्यावीत. हार्ड डिस्क पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.