शेंगेतले सात दाणे

नेरूळ, शुक्रवार, रात्री साडेदहा

आज बालवाडीत आजी-आजोबांचा दिवस होता. अर्धी रजा टाकून आईला घेऊन गेले. ताईंनी सतरंजीवर टोपलीभर मटार ओतले. लेकीने शेंग उलटसुलट करून पाहिली. आईने तिचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर टेकवला, "इथे दाब हं बाळा." टचकन शेंग उघडली. आत सात दाणे. बोट ठेवत मोजताना पाचनंतर तिने एकदम सात म्हटलं. आई रागावली नाही. दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

बोटांना वळण, आकडे, शब्द, धीर. एका शेंगेत किती शिक्षण!

हाताशी असलेल्या वस्तूंतून असंच शिकवणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले हीच साधनं झाली. जी मुलं शाळेपर्यंत पोहोचत नव्हती, त्यांच्या अंगणात शाळा गेली. अंगणवाडी हा शब्द आज किती सहज उच्चारतो आपण!

आमच्या सातव्या मजल्यावर अंगण नाही. पण ओटा आहे, आजी आहे, डाळ-तांदूळ आहेत. संध्याकाळी लेकीचा बाबा लोकलने दमून आला, तरी अर्धा तास तिच्यासोबत मूग आणि मसूर वेगळे करत बसला. त्या अर्ध्या तासात टीव्ही लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

उद्यापासून ओट्याजवळ तिचं छोटं स्टूल ठेवायचं. घाईच्या सकाळीसुद्धा.