बेपत्ता माणसाचे पान

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, अब्बांच्या निकाहनाम्याची नक्कल अशा कागदांत अर्ध्या पानाचे एक इंग्रजी पत्र आहे. माझे चुलत आजोबा बोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका सफरीवर गेले ते परत आलेच नाहीत. कंपनीने एवढेच कळवले की, हा इसम अमुक तारखेपासून बोटीवर आढळला नाही. त्यांचे नाव अब्दुल गफूर. पत्रात ते ‘गफ्फर अब्दुल्ला’ झाले आहे. नाव जुळत नाही म्हणून त्यांचा राहिलेला पगारही घरी आला नाही, असे दादी सांगायची.

हे सारे आठवण्याचे कारण एक खेळ आहे. हसू नका. मी निवृत्त शिक्षक, कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे पोरांचा वेळ वाया, एवढीच माझी समजूत होती. गेल्या रमजान ईदला मुलगी पुण्याहून आली. रात्री सगळे झोपल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली होती. मला हाक मारून म्हणाली, “अब्बा, इकडं या. या जहाजावर एक सय्यद आहे.”

खेळाचे नाव ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’. लुकास पोप नावाच्या अमेरिकी माणसाने जपानमध्ये राहून तो तयार केला आणि 2018 साली तो बाहेर पडला. चित्रे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखी. गोष्ट अशी : 1802 साली लंडनहून पूर्वेकडे निघालेले एक व्यापारी जहाज हरवते आणि 1807 मध्ये इंग्लंडच्या फालमाउथ बंदरात आपोआप येऊन लागते. वर जिवंत माणूस एकही नाही. खेळणारा असतो ईस्ट इंडिया कंपनीचा विम्याचा तपासनीस. त्याच्या हातात एक वही. तिच्यात जहाजाचा नकाशा, काही रेखाचित्रे आणि 60 माणसांची यादी. प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि देश. कोणता चेहरा कोणाचा आणि त्याचे शेवटी काय झाले, हे शोधून लिहायचे.

त्यासाठी त्याच्याजवळ एक खिशातले घड्याळ आहे. प्रेताजवळ ते उघडले की आधी अंधारात त्या माणसाच्या शेवटच्या क्षणाचे आवाज ऐकू येतात. मग तो मृत्यूचा क्षण गोठलेला दिसतो. तुम्ही त्यात फिरू शकता, वाकून पाहू शकता, पण काहीही बदलू शकत नाही. कुणाचा हात धरता येत नाही, कुणाला ओरडून सावध करता येत नाही.

मी आयुष्यभर मुलांना गोष्टी शिकवल्या. गोष्ट सांगणारा सांगतो आणि ऐकणारा ऐकतो, असेच मी मानत आलो. इथे तसे कुणी सांगत नाही. इथे नियम आहेत आणि त्या नियमांतून गोष्ट निघते. लेखकाने ‘बघा, मेलेल्यांपुढे माणूस किती लाचार असतो’ असे एक वाक्यही लिहिलेले नाही. हात लावता येणार नाही, एवढा एक नियम केला आणि ती लाचारी माझ्या बोटांत आली.

दुसरा नियम त्याहून कडक. तुम्ही लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे लगेच कळत नाही. तीन माणसांची नावे आणि त्यांचे शेवट अचूक जमले, की ते तिन्ही एकदम छापील अक्षरांत पक्के होतात. एकट्या माणसाविषयी अंदाज ठोकून भागत नाही. मग तुम्ही कान देऊन ऐकता : कोण कोणत्या भाषेत बोलतो, कोणाच्या बोटात अंगठी आहे, कोणाच्या झोळीवर कोणता नंबर आहे. चिनी खलाशांना ओळखण्यासाठी माझ्या मुलीने झोळीतून बाहेर आलेले त्यांचे पाय निरखले. मी म्हटले, “पायावरून माणूस ओळखायचा?” ती म्हणाली, “तोंडावरून सगळे सारखेच वाटतात अब्बा, म्हणून तर पाय बघावे लागतात.” हे तिने सहज म्हटले. मला मात्र लागले. बोटीवर आपली माणसेही साहेबाला अशीच सारखी दिसत असतील. लस्कर हा शब्दच तसा आहे, लश्करवरून आलेला. एकेकट्या माणसाचा नव्हे, जमावाचा.

यादीत ‘सॉलोमन सय्यद’ आहे, हिंदुस्थानचा खलाशी. तो सफरीच्या सुरुवातीलाच आजाराने मरतो. कथेत त्याचे काम फार थोडे. पण वहीत त्याला कप्तानाइतकीच जागा आहे. तो ओळखल्याशिवाय वही पुरी होत नाही. 60 पैकी कुणालाही वगळायचे नाही, हा या खेळातला न्याय मला नियमातच सापडला.

अर्थात हा न्याय कोणाच्या वहीतला, हेही विसरून चालत नाही. तपास चालतो तो विम्यासाठी. शेवटी कंपनी हिशेब करते : कोणाच्या वारसांना भरपाई, कोणाच्या वारसांना दंड. इतके मृत्यू आपण डोळ्यांनी पाहिलेले असतात आणि त्यांची अखेर रकमेच्या रकान्यात होते.

मुलीने याच पोपचा 2013 चा ‘पेपर्स, प्लीज’ही दाखवला. त्यात तुम्ही एका कल्पित देशाच्या सीमेवरचे कारकून. रोज नवे नियम, रोज नवे कागद. एक नवरा पुढे जातो, त्याचे कागद ठीक आहेत. मागून बायको येते, तिच्याकडे प्रवेशपत्र नाही. तिला आत सोडले तर तुमच्या नावावर चूक लागते. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, पुढे पगार कापला जातो. घरी भाडे, अन्न, औषध यांना पैसे लागतात. दयेची किंमत त्या खेळाने आकड्यात मांडली आहे. दाखल्यावर एक वेलांटी चुकली म्हणून मी स्वतः एका खिडकीवर चार खेटे घातले आहेत. खिडकीच्या आतला माणूस दुष्ट नव्हता. त्यालाही वर कुणाला तरी जाब द्यायचा होता, हे मला इतक्या वर्षांनी पडद्यापुढे बसून कळले.

मग मी मुलीला ते अर्ध्या पानाचे पत्र दाखवले. ओब्रा दिनवर ज्यांचे प्रेतच जहाजावर नाही, त्यांचा शेवट दुसऱ्याच्या मरणक्षणात कुठेतरी कोपऱ्यात दिसतो. आमच्या आजोबांचेही तसेच. त्यांच्याविषयी घरी तीन बातम्या आल्या होत्या. एका टंडेलाने सांगितले, तापाने गेले आणि समुद्रात सोडले. दुसरा म्हणाला, वादळात डेकवरून वाहून गेले. तिसऱ्याने शपथेवर सांगितले, कुठल्याशा बंदरात उतरून त्यांनी दुसरे घर केले. तीन बातम्या, पण एकही दुसरीशी जुळणारी नाही.

या न जुळण्यात त्यांच्या बायकोचे सारे आयुष्य गेले. आम्ही तिला मोठी दादी म्हणत असू. नवऱ्याच्या मृत्यूची खात्री नाही म्हणून ती इद्दतीला बसली नाही. खात्री नाही म्हणून गावात गायबाना जनाजाही झाला नाही. 1939 च्या कायद्याने, चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर मुसलमान स्त्रीला कोर्टातून विवाह मोडून घेता येऊ लागला. पण खाडीकाठच्या आमच्या घरात तो कायदा तिला सांगणार कोण? ती गेली तेव्हा तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

मुलीने वहीचे एक कोरे पान घेतले. खेळात जसे लिहितात तसे लिहू लागली. नाव, हुद्दा, गाव. “आजोबांचं काय झालं?” मी म्हटले, “माहीत नाही, असंच लिही.” तिने लिहिले. मग विचारले, “आणि मोठ्या दादीचं नाव?”

मी गप्प झालो. बारा-तेरा वर्षे मी त्या बाईच्या हातचे जेवलो. रात्री तिच्या कुशीत झोपलो. तिचे नाव मला माहीत नव्हते. बेपत्ता माणसाचा कागद आम्ही पेटीत जपला. जी घरात होती, तिचा कागदच नव्हता.

सकाळी मुंबईला फुफूंना फोन लावला. त्यांचे वय आता नव्वदीच्या पुढे. ऐकू कमी येते. दोनदा विचारावे लागले. मग त्या म्हणाल्या, “हलीमा. हलीमाच होतं तिचं नाव. तू आता का विचारतोस?”

मुलीने पानावर नाव लिहिले. मी अंगणात जाऊन हात उचलले आणि त्या दोघांसाठी, नावे घेऊन, दुआ मागितली.