थैला खाली आहे

लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंबरोबर नया बाजारात गेले. "अगं, थैला खाली आहे ना?" त्यांनी विचारलं. मी पायांशी पाहिलं. थैला तर माझ्या हातात! खाली म्हणजे रिकामा, हे शेवटी दुकानदाराच्या हसण्यावरून कळलं.

सासूबाईंच्या मराठीत बटाट्याचा आलू होता, हातगाडीचा ठेला. महिनाभर मी मनातल्या मनात लाल पेन चालवलं. मग एकदा नीट कान दिला. ठेल्यावर, थैल्यात. हिंदीत 'ठेले पर' होतं. इथे तोच शब्द घोड्यावर, ओट्यावर यांच्या रांगेत मुकाट उभा. पाहुण्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या की!

असे पाहुणे शब्द तिकडेही आहेत. सिंगापूरची भाची सांगते, तिथे जेवायला निघताना 'गो माकान' म्हणतात. मला वाटलं, मकान, म्हणजे घरी जायचंय. पण मलय भाषेत माकान म्हणजे खाणं. चिनी घरातली असोत की तमिळ, सिंग्लिश, म्हणजे तिथली इंग्रजी, बोलणारी सगळी तो शब्द तिच्यात बिनदिक्कत कालवतात. मीठमसाला अंदाजानं टाकायचा तर 'आगाक-आगाक'. रात्रीचा बाजार 'पासार मालाम', आणि त्यातला पासार म्हणजे मूळचा फारसी बाजार. आमच्या नया बाजाराचा समुद्रापारचा चुलतभाऊच.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागाचं नावही फारसीच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही. तिचंच शहर झालं, नावही लश्करच राहिलं. सरदारांचे गोट हिंदी तोंडात 'निंबालकर की गोठ', 'चिटनिस की गोठ' झाले. महाराजांच्या वाड्याचा झाला बाड़ा. हिंदी कोशात बाड़ा म्हणजे गुरं कोंडायची जागा, पण इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

परवा बहिणीला फोनवर म्हटलं, "ठेवते गं, बाड्यावर निघालेय."

"कुठे?" पुण्याहून प्रश्न आला.

'वाड्यावर' म्हणायला गेले, तर जीभ वळेना. आपणच दिलेला शब्द इथलं पाणी पिऊन परत आला होता आणि मी त्याला परक्याचा समजून वापरत होते. तरी 'बाड्यावर' म्हणताना मराठी प्रत्ययाचा नियम त्यानं चोख पाळला होता.

फोन ठेवला. थैला खाली होता, दोन्ही अर्थांनी. उचलला आणि निघाले.